नहर बुजवावी की नाही

अजराला हरलेली माणसं आवडायची. जिंकलेल्यांची नावं चौकांना मिळतात, रस्त्यांना मिळतात. हरलेल्यांचं म्हणणं तरी काय होतं, हे कुणी विचारत नाही, आणि तिला नेमकं तेच विचारावंसं वाटे. ती कॉलेजात इतिहास शिकवायची. वर्गात अभ्यासक्रमाच्या पुढं सरकता येत नसे, म्हणून काही वर्षांपूर्वी तिनं महिन्यातून एका रविवारी सकाळी ‘वाद-फेरी’ सुरू केली. जुन्या शहरातल्या एखाद्या ठिकाणी वीस-पंचवीस जण जमत. तिथं कधीकाळी झालेला आणि आता कुणाच्या ध्यानीमनी नसलेला एखादा वाद ती दोन्ही बाजूंनी मांडून दाखवी. मुलींच्या शाळेत गणित असावं की नसावं, हिमरू कापडाच्या कारखान्यात विजेचे माग आणावेत की नाही, थेटरात बायकांच्या बाजूला पडदा ठेवावा की काढावा. शेवटी ती विचारी, त्या दिवशी तुम्ही तिथं असता, तर हात कुणाच्या बाजूनं वर केला असता? हात वर व्हायचे, थोडी हुज्जत व्हायची, मग सगळे मिळून शहागंजात नान-खलिया खायला जायचे.

सगळ्यात जास्त गर्दी व्हायची ती सरवरपुऱ्याच्या फेरीला.

सरवरपुरा हा जुन्या शहरातला उतारावरचा मोहल्ला. वरची आळी आणि खालची आळी असे त्याचे सरळ दोन भाग. डोंगरातून जमिनीखालून आलेली एक नहर पूर्वी या मोहल्ल्यापर्यंत पोचायची. दगडी बंब्यांमधून, म्हणजे उंच पोकळ खांबांमधून, तिचं पाणी आपोआप वर चढायचं आणि हौदात पडायचं. ना पंप, ना वीज. एकोणीसशे सत्तावन्न साली मोहल्ल्यात नळ आणायचं ठरलं, तेव्हा नहर बुजवावी की नाही यावर शाळेच्या पटांगणात सभा झाली. सरकारी इंजिनियर म्हणाला, या पाण्यात नारू आहे, लोकांच्या पायांतून दोऱ्यासारखे किडे निघतायत, बुजवून टाका. त्याच्या विरोधात उभे राहिले हकीम गयासुद्दीन. नहर साफ करा, बुजवू नका, असं त्यांचं म्हणणं. “नळाचं पाणी दुसऱ्याच्या मर्जीनं येतं,” ते म्हणाले. “नहर कुणाची मर्जी विचारत नाही.” हात मोजले गेले आणि हकीमसाहेब हरले. नहरीच्या तोंडात दगडमाती ओतली, बंबे पाडले, आणि मोहल्ल्यात नळ आला.

हकीम गयासुद्दीन हे अजराचे आजोबा. फेरीत ही गोष्ट ती सगळ्यात शेवटी, हात वर होऊन गेल्यावर सांगायची. आधी सांगितलं तर लोक भिडेखातर हात वर करतील, असं तिला वाटे. खरं तर भिडेचं कारणच नव्हतं. ऐन उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा नळ येतो आणि टँकरवाल्याला दादा-बाबा करावं लागतं, अशा शहरातली ही माणसं. सगळेच्या सगळे हात हकीमसाहेबांच्या बाजूनं जायचे. अजरा चेहऱ्यावर काही दिसू देत नसे, पण त्या दिवशी ती घरी रिक्षा न करता चालत जायची.

ही गोष्ट तिच्या तोंडून फिरत फिरत पुण्याच्या एका संस्थेपर्यंत गेली. जुन्या पाण्याच्या वाटा मोकळ्या करायच्या, हे त्या संस्थेचं काम. त्यांची इंजिनियर विशाखा येऊन नहर पाहून गेली. कमरेला दोर बांधून ती दोनदा आत उतरली आणि वर आली ती खूश होऊनच. पाणी आहे, म्हणाली, नुसता गाळ काढायचाय. वरच्या आळीत हकीमसाहेबांच्या घरासमोरचा हौद दुरुस्त करायचा, त्यात पाणी खेळवायचं, शेजारी माहितीचा फलक लावायचा, असा बेत ठरला. अजराचा मोठा भाऊ जुनेद मोहल्ला कमिटीचा अध्यक्ष. गाड्यांच्या सुट्या भागांचं त्याचं दुकान होतं आणि वाळूजच्या कारखान्यांत ऊठबस होती. त्यानं कामाची सगळी धुरा अंगावर घेतली. अडचण एकच होती. गाळ बाहेर काढायचं तोंड खालच्या आळीत होतं आणि त्यावर सार्वजनिक नळाचा ओटा बांधलेला होता. ओटा पाडावा लागणार होता. खालच्या आळीला नळ दुसरीकडं कुठंतरी देता येईल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

फेब्रुवारीतल्या फेरीला एक म्हातारी बाई आली. अंगावर कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं, मनगटावर पुरुषी घड्याळ. सोबत नात होती. नातीनं आजीसाठी प्लास्टिकची खुर्ची डोक्यावरून वाहून आणली होती. म्हातारी सगळी गोष्ट एक कान पुढं करून ऐकत राहिली. हात वर करायची वेळ आली तेव्हा तिनं दोन्ही हात मांडीवरच ठेवले.

“आजी, तुम्ही हात वर केला नाही,” अजरा म्हणाली. “म्हणजे तुम्ही नळाच्या बाजूनं?”

“आता इचारता व्हय? तवा नाय इचारलं कुणी. मी हुते तिथं.”

लोकांच्या माना वळल्या. नात म्हणाली, “ही माझी आजी, सरूबाई. खालच्या आळीतली. दोनदा नगरसेविका होती.”

“वळख नंतर दे,” सरूबाई म्हणाली. “हकीमसाहेबाची नात ना तू? नाकावरनंच कळतंय. मंग एक सांग मला. नहर कुणाची मर्जी इचारत नाय, म्हणले तुझे आजे. मंग आमच्या हंड्यात पाणी कोण वतत हुतं?”

अजराला प्रश्न नीट कळला नाही. तिनं तसं सांगितलं.

“हौद सगळे वरच्या आळीत. आमाला हौदाला हात लावायची बंदी. हंडे घिऊन खाली बसायचं, कुणाला दया आली का वरनं वतायचं. वरच्या आळीत हिंदू बी हुते, मुसलमान बी हुते. बाकी कशात त्यांचं जमत नव्हतं, आमाला बंदी घालायला जमलं.” तिनं घड्याळ मनगटावर वर सरकवलं. “तुझे आजे लई भला माणूस. येता-जाता सोता वतायचे. कधी नाय म्हणले नाय. पण ते नसले का आमी बसलेलेच.”

एका तरुणानं फोन काढून पाहिला आणि परत खिशात ठेवला. अजरानं सरूबाईंचे आभार मानले, घरी येऊन बोलायची परवानगी मागितली आणि फेरी संपली. नान-खलिया खायला त्या दिवशी थोडेच जण गेले.

घरी येऊन अजरा तिची जुनी ध्वनिमुद्रणं काढून बसली. सरवरपुऱ्याच्या नहरीवर तिनं बरीच माणसं बोलती केली होती. अत्तरवाले, शिक्षक, एक सराफ, एक निवृत्त पोस्टमास्तर. सगळ्यांच्या बोलण्यातला हौद कसा गार होता, उन्हाळ्यात मुलं कशी डुंबायची, हे तिला तोंडपाठ होतं. यातलं एकही माणूस खालच्या आळीतलं नव्हतं. कुणाची साक्ष घेतलेली नाही हे आधी बघा, असं ती दर वर्षी पहिल्याच तासाला मुलांना सांगत असे. तिला फार मोठा धक्का वगैरे बसला नाही. भाताचा घास चावताना खडा लागावा आणि मग उरलेलं जेवण जपून जेवावं लागावं, तसं मात्र झालं.

तबस्सुम फूफी, म्हणजे अजराची आत्या, आतल्या खोलीत कूलरसमोर बसून लसूण सोलत होती. हकीमसाहेबांच्या मुलांपैकी तीच एक हयात होती. अजरानं तिला विचारलं, सभेच्या दिवशी दादा, म्हणजे आजोबा, घरी आले तेव्हा काय म्हणाले?

“कुच नै बोले.”

“जेवले नाहीत का?”

“जेवले ना. खिचडी थी. अचार मांगे.” फूफीनं लसणाची साल फुंकरीनं उडवली. “हारे करके बैठके रोने वाले आदमी नै थे वो.”

“खालच्या आळीच्या लोकांना हौदाला हात लावू देत नव्हते, हे खरं?”

फूफीनं तिच्याकडं जरा नवलानं पाहिलं. “हौ. सब को मालूम है सो बात है.” मग तिला वाटलं असावं की एवढ्यावर भागणार नाही. “अब्बा पानी देते थे ना उनको. रोज देते थे.”

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणी सांगत नाही, हे अजराला पुस्तकातून माहीत होतं. स्वतःच्या घरात ते पहिल्यांदा दिसलं.

पुढच्या शनिवारी ती खालच्या आळीत गेली. सरूबाईंचं घर नळाच्या ओट्यासमोरच होतं. पक्कं, दोन मजली, दारात जास्वंद. नात अपेक्षा वाळूजला एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होती. दुपारपाळीची बस गाठायला तिच्याकडं अजून वेळ होता, म्हणून तीही चहा घेऊन जवळ बसली.

“त्या दिवशी तुमच्या आळीतलं कुणी काही बोललं का सभेत?” अजरानं विचारलं.

“माझी आई बोलली. आत कुणी घेतलं नाय, भिंतीपल्याड उभे हुतो. हकीमसाहेब बोलायला लागले, नहर ऱ्हाऊ द्या, नहर ऱ्हाऊ द्या. माझी आई भिंतीवरनं मान काढून म्हणली, साहेब, आमाला नळ द्या, आमी आमच्या हातानं फिरवू. शेरवानी घातली हुती तुझ्या आज्यानं. वळून बघितलं. म्हणले, बाई, मी देतोय ना पाणी?”

“मग?”

“मंग आई म्हणली, तुमी मेल्यावर?”

अपेक्षा हसली. तिनं ही गोष्ट पुष्कळदा ऐकलेली दिसत होती. “आजी, मागं तू सांगितलं होतंस की त्यांनी मळका सदरा घातला होता, दवाखान्यातून तसेच आले होते.”

“आसंन. इलेक्शनला सांगायची तवा शेरवानी घालायची मी त्यास्नी. गरिबाची बाई शेरवानीवाल्याला बोलली, म्हंजे लोक कसं कान देऊन ऐकत्यात.”

“आणि बाकीचं?” अजरानं विचारलं. “बाकीचं तसंच झालं?”

सरूबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांना राग आला नव्हता. “पोरी, मी बारा-तेरा वरसांची हुते. आईनं मला सांगितलं, मी लोकांला सांगितलं, लोकांनी मला परत सांगितलं. आता त्यातलं माझ्या डोळ्यांनी बघितलेलं किती, ते मलाच कळत नाय. पण नळ आला त्या दिशी आईनं तो दिवसभर नुसता उघडला आन् बंद केला. ते मी बघितलं. त्यात मीठमसाला नाय.”

ओट्यावर एक पोरगी रिकामी घागर उपडी ठेवून तिच्यावर बसली होती. नळाचा वार उद्याचा होता.

अजराच्या डोक्यात गोष्ट आता नव्यानं जुळली होती. हरलेल्यांच्या मागं उभे असलेले आणखी हरलेले, किंवा खरं पाहता त्या दिवशी जिंकलेले आणि तरीही कुणाच्या तोंडी न आलेले. तिच्या आजोबांची बाजू चांगली होती, पण ती वरून पाणी ओतणाऱ्याची बाजू होती. खालच्या आळीला नळ हवा होता, म्हणजेच नहर नको होती. तिनं वहीत दोन-चार ओळी लिहून घेतल्या, चहाचं कौतुक केलं आणि निघाली. एक प्रश्न विचारायचा राहून गेला, हे तिच्या लक्षात यायला अजून अवकाश होता.

मार्चमध्ये शादीखान्यात, म्हणजे लग्नाच्या सभागृहात, मोहल्ल्याची बैठक ठरली. संस्थेच्या पत्रकावर ‘छत्रपती संभाजीनगर’ होतं, जुनेदनं छापलेल्या पत्रकावर ‘औरंगाबाद’, आणि दोन्ही पत्रकं एकाच भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवलेली होती. बैठकीत आधी अजरानं इतिहास सांगायचा, मग विशाखानं आराखडा दाखवायचा, मग मंजुरी, असा क्रम होता. काय बोलणार ते अजरानं आदल्या दिवशी दुकानात जाऊन जुनेदला सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. हातातलं बेअरिंग कापडानं पुसत राहिला. “झालं ते झालं. पुण्याची माणसं येणार, त्यांच्यासमोर ये सब नक्को, अजरा.”

“मी इतिहास सांगायचा आहे ना? मग हाच आहे.”

“दादानं त्यांना कधी हाकललं नाही. एकदा पण नाही.”

“तसं मी म्हणणारच नाही, भाई. ते पाणी द्यायचे हेच सांगणार आहे.”

“ते तर अजून वाईट,” जुनेद म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं, हे तिला तेव्हा कळलं.

बैठकीला शादीखाना भरला. खालच्या आळीची माणसं यावेळी आत बसली होती. डाव्या बाजूच्या खुर्च्या त्यांनी आपापसात ठरवल्यासारख्या धरल्या होत्या. पुढच्या रांगेत सरूबाई होत्या. अजरानं शांतपणे सगळं सांगितलं. नारू, इंजिनियर, आजोबांचं म्हणणं, हौदाची बंदी, भिंतीपलीकडून आलेला आवाज. सरूबाईंच्या आईचं वाक्य सांगताना तिनं हेही सांगितलं, की हे एकाच व्यक्तीच्या आठवणीतलं आहे आणि ती व्यक्ती तेव्हा लहान होती. मग तिनं आपलं मत मांडलं, जे ती एरवी कधी मांडत नसे. खालच्या आळीनं तेव्हा नहरीच्या विरोधात नळ मागितला होता, त्यांचा तो हक्काचा ओटा पाडून आज नहर उघडणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा भिंतीबाहेर उभं करणं आहे. तेव्हा कमिटीनं या कामाचा पुन्हा विचार करावा.

खाली बसताना तिला हलकं वाटलं. स्वतःच्या आजोबांविरुद्ध, भावासमोर, भर सभेत बोलणं सोपं नव्हतं आणि ते तिनं आवाज न चढवता केलं होतं. टाळ्या थोड्याच पडल्या. जुनेद समोरच्या टेबलावरची पाण्याची बाटली इकडून तिकडं सरकवत होता.

सरूबाई अपेक्षाच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. कुणीतरी पुढं केलेला माइक त्यांनी घेतला नाही. त्यांना माइक कधीच लागला नव्हता.

“मॅडमनं चांगलं सांगितलं. खरं सांगितलं. पण मला एक कळंना, खालच्या आळीला नहर नको, आसं कोण म्हणलं?”

अजरानं मान वर केली.

“मी म्हणले? माझ्या घरी आल्या हुत्या मॅडम, च्या घेतला. माझ्या आईला काय पायजे हुतं ते इचारलं, मला काय पायजे ते इचारलंच नाय. आवो, आईला नळ पायजे हुता कारण नळाला रोज पाणी हुतं. आता आठ दिसाला येतंय. पाणी कुणाला नको आसतंय?” डाव्या बाजूला हसू पिकलं. “नहर उघडा. पण आमची अट हाय. ओटा पाडायचा नाय, बाजूनं खांदायचं. आन् हौद वर नाय, खाली करायचा. कुलूप लावायचं ते आमच्या आळीचं. वरच्या आळीनं बी यावं, हंडा घिऊन यावं, सोताच्या हातानं भरून घ्यावं. आमी कुणाला हात लावायची बंदी घालणार नाय.”

सरूबाई बसल्या. अजरानं वहीकडं पाहिलं. वहीत सगळं होतं, शेरवानी की सदरा हे सुद्धा होतं. आज नहर हवी का, हा साधा सवाल तिनं लिहिलाच नव्हता, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे असं तिनं धरलं होतं. आजोबांनी पाणी दिलं होतं, तिनं कैवार घेतला होता.

जुनेदनं विशाखाला विचारलं, खाली हौद करता येईल का. विशाखानं आराखड्याची गुंडाळी उलगडली. “खरं सांगायचं तर तेच सोपं आहे,” ती म्हणाली. “उतार तिकडंच आहे. मधला बंबा आता राहिलेला नाही, त्यामुळं वरच्या हौदात पाणी चढवायला आम्ही पंप धरला होता. खाली केलं तर पंप लागणार नाही. ओट्याच्या बाजूनं खणायला वेळ जास्त लागेल, एवढंच.”

मग वरच्या आळीतली माणसं एकेक करून बोलायला लागली. आधी एक सराफ उठले. अजराच्या प्रत्येक फेरीला त्यांनी हकीमसाहेबांच्या बाजूनं हात वर केला होता. ते म्हणाले, पाणी तपासायला हवं, जुन्या पाण्यात काय काय असतं कुणास ठाऊक, मुलाबाळांच्या जिवाशी खेळ नको. दुसरे म्हणाले, खणाखणीनं घरांचे पाये खचले तर जबाबदार कोण? पोस्टमास्तर म्हणाले, वारसा वगैरे ठीक आहे, पण माहितीचा फलक खालच्या आळीत कोण वाचायला जाणार? मागून कुणीतरी बोललं, “त्यापेक्षा बुजलेलीच बरी.”

अजरा लिहून घेत होती. सत्तावन्न सालच्या इंजिनियरचं म्हणणं ती इतक्या वेळा सांगत आली होती, की पुढचा मुद्दा कुठला येणार हे तिला आधीच कळत होतं. फक्त माणसं बदलली होती. तिला हसू आलं नाही आणि फारसा रागही आला नाही. ही माणसं खोटी नव्हती. नहरीवर त्यांचं प्रेम होतं, ती आपल्या दारात होती तोवर.

जुनेद अध्यक्ष होता, हात मोजायला सांगणं त्याचं काम. त्यानं समोरची बाटली बाजूला ठेवली. मग म्हणाला, “सरूबाईंची सूचना. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत.”

डावी बाजू एकदम उठली. उजव्या बाजूला आधी कुणी हललं नाही. मग मागच्या पडद्याआडच्या बायकांमधून काही हात वर आले. पडद्यावरून नुसते हात दिसत होते, चेहरे नाहीत. सरूबाई गेले दोन आठवडे दुपारच्या वेळी घरोघर चहा पीत हिंडत होत्या, हे अजराला नंतर अपेक्षाकडून कळलं. बायकांचा प्रश्न फलकाचा नव्हता, धुण्याचा होता. अजरानंही हात वर केला. जुनेदनं तो पाहिला आणि मोजला. त्याचा स्वतःचा हात टेबलावरच होता, पण ठराव मंजूर झाल्याचं त्यानंच स्पष्ट आवाजात सांगितलं.

काम उन्हाळाभर चाललं. ओट्याच्या कडेनं खणताना एकदा नळाची पाइप फुटली आणि खालच्या आळीनं दोन दिवस विशाखाला सळो की पळो करून सोडलं. गाळ निघाला तो ट्रॅक्टरनं वाहून नेला. पैठण रोडच्या शेतकऱ्यांनी तो खत म्हणून मागून घेतला. शेवटी पाणी आलं, पण बारीक. मनगटाएवढी धार, पहिले काही दिवस गढूळ, नंतर निवळ. तपासणीत ते पिण्याजोगं नाही असं निघालं. तसा फलक विशाखानं स्वतः लावला आणि खालच्या आळीतही तो वाचला गेला. धुण्याभांड्याला, कूलरला, बकऱ्यांना ते पुरायला लागलं. टँकर बंद झाला नाही, कमी झाला.

जुनेद तिकडं फिरकला नाही. अजराशी तो बोलत होता, पण पाण्याचा विषय निघाला की दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखा उठायचा. एक दिवस त्याची बायको निलोफर दोन कॅन घेऊन खाली गेली आणि नंबर लावून उभी राहिली. पुढच्या आठवड्यात तिनं चार कॅन नेले. त्यावर घरात काय बोलणं झालं ते अजराला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

सरवरपुऱ्याची फेरी ती आता खालच्या आळीतून सुरू करते. आजोबांचं म्हणणं ती पूर्वीसारखंच मन लावून सांगते, कारण ते म्हणणं खोटं नव्हतं. त्यानंतर भिंतीपलीकडचं सांगते, आणि मग शादीखान्यातलं, त्यात स्वतःची चूकही सांगते, जेवढी सांगायची तेवढीच. हात आता दोन्ही बाजूंना वाटले जातात. काही जण हात वरच करत नाहीत. माणसं पूर्वीपेक्षा कमी येतात. पूर्वी लोक या फेरीतून एक छान वाईट वाटणं घेऊन जायचे, ते आता मिळत नाही, असं तिला वाटतं.

पावसाळा संपल्यावरच्या एका फेरीला सरूबाई परत आल्या. अजरा त्यांच्या आईचं वाक्य सांगत होती. सरूबाईंनी मधेच हात दाखवून थांबवलं. “आसं नाय म्हणली ती,” त्या म्हणाल्या. “तुमी मेल्यावर, आसं नाय. ती म्हणली, तुमचं पोरगं देईल का?”

“मागं तुम्ही तसं सांगितलं होतं,” अजरा म्हणाली.

“सांगितलं आसंन. हे बी सांगते.”

दोन्हीतलं कुठलं खरं, यावर जमलेल्यांत चर्चा सुरू झाली. एकजण म्हणाला, दुसरं जास्त झोंबणारं आहे. दुसरा म्हणाला, म्हणूनच ते नंतर सुचलेलं असणार. अजरानं दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून घेतली. तिनं कुठलंच खोडलं नाही. तेवढ्यात हौदाकडून एक बाई दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन आली आणि रस्ता अडवून उभ्या असलेल्या घोळक्यासमोर थबकली.

“सरका की ओ जरा,” ती म्हणाली. “वाटंतच उभं ऱ्हायलंय सगळं.”

मंडळी सरकली. काही जण किराणा दुकानाच्या पायरीवर चढले, काही भिंतीला लागून उभे राहिले. बादल्यांतलं थोडं पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं, बाई पुढं गेली, तिच्यामागून आणखी दोघी आल्या. अजरानं त्या जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग सरूबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं, आवाज थोडा वाढवून, पुढचं सांगायला सुरुवात केली.